चौदा क्लब आणि माझे सात

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

पाहुणे मंडळींनो! होय, तुम्हालाच म्हणते आहे. माळावरच्या गोल्फ मैदानाच्या रजिस्टरात दर रविवारी चौथ्या रकान्यात ज्यांची नोंद 'अमुक यांचे पाहुणे' अशी होते, त्या तुम्हा अकरा जणांना. आपली तक्रार एकच आहे. घाम आपला, पायपीट आपली, चुकलेला फटका आपला, आणि नाव मात्र दुसऱ्याचं. पाच महिने मी त्या मैदानावर 'डॉ. पाटील यांच्या पाहुण्या' आहे. डॉ. पाटील भले गृहस्थ. पण मी त्यांच्या घरी जेवायला आलेली नाही. मी खेळायला आलेली आहे!

एवढं लिहून झालं तेव्हा विजय चहा घेऊन आला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी विचारतो, "कुणापुढं भाषण चाललंय?"

वहीपुढे. विमा कचेरीत छत्तीस वर्षं युनियनच्या गेटसभा घेतल्या. निवृत्तीनंतर सभा संपल्या, सवय संपली नाही.

मुद्दा. सेक्रेटरी इनामदार साहेबांनी आज नियम दाखवला. सभासद व्हायचं तर चाचणी. नऊ होल, जास्तीत जास्त त्रेसष्ट फटके. वर्षातून दोनच संधी: ७ डिसेंबर आणि २५ जानेवारी. आणि क्लबांची, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांची, बॅग स्वतःची हवी. मैदानाच्या सामाईक बॅगेतली काठी चालणार नाही.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बनसोडे मॅडम," असं म्हणाले. माणूस सरळ आहे. चेहऱ्यावरची माशी हलत नाही, पण सरळ.

चाचणीला बसणार. दोन्ही वेळा लागल्या तर दोन्ही वेळा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहाटेच्या गाडीने पुणे. क्लबांच्या दुकानात शिरताच पोरगेलासा विक्रेता, "मॅडम, साहेबांसाठी गिफ्ट का?"

साहेब, म्हणजे विजय, बाहेर वडापाव खात होते. म्हटलं, माझ्यासाठी. लगेच गुलाबी बॅग पुढे केली. लेडीज सेट. मी त्याला पाच मिनिटं ऐकवलं. शेजारच्या काउंटरवरचे दोघे थांबून ऐकत होते.

मग त्याने नवशिक्यांचा सेट दाखवला. मग कोपऱ्यातलं एक पिंप, त्यात जुने, वापरलेले क्लब, तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत. "बरेच जण इथूनच सुरुवात करतात मॅडम."

पिंपाला हात लावला नाही. आई बंगल्यांवर धुणीभांडी करायची. मी सातवीत असताना मालकिणीने तिच्या मुलीचा फ्रॉक दिला, लेस लावलेला. आईने तो त्यांच्याच दारात घडी घालून ठेवला आणि पुढच्या महिन्यात मला मांजरपाटाचा नवा शिवला. खरखरीत होता, पण नवा. "उतरलेलं अंगाला लावायचं न्हाय." आमच्या घराची ही राज्यघटना. हिच्यात दुरुस्ती नाही.

विचारलं, सगळ्यात वरचे खेळाडू काय वापरतात? त्याने काढलं. पातळ पात्याचे, चकचकीत पोलादी, चौदाचा पूर्ण संच. त्याने एकदा विचारलंही, "किती महिने खेळताय मॅडम?" मला तो प्रश्न अपमानाचा वाटला.

ब्याण्णव हजार. निवृत्तीच्या पैशांतून. जे सगळ्यात वरच्याला, तेच आम्हाला!

परतीच्या गाडीत बॅग दोन सीटांच्या मध्ये उभी. टेंभुर्णीला विजयने बॅग आपल्याकडे सरकवली. मग म्हणाला, "हिचं पण तिकीट काढायला पाहिजे होतं की."

२६ नोव्हेंबर, बुधवार

सराव. पन्नास चेंडू. त्यातले बारा हवेत गेले. बाकीचे सरपटत. हात कोपरापर्यंत झिणझिणतात, मुरमावर पोलाद आपटलं की दातांपर्यंत कळ जाते.

नवीन आहेत. सवय लागेल.

रेहानाबाई शेख (उर्दू शाळेतल्या निवृत्त बाई, त्याही पाहुण्याच) सामाईक बॅगेतली ती जुनी ७ नंबरची काठी घेऊन निवांत मारत होत्या. मीही पाच महिने तीच मारायचे. बरी जायची, पण आता तिच्याकडे बघायचं नाही.

"क्या चमकते जी!" माझी बॅग बघून त्या म्हणाल्या. "मारनेकू डर नै लगता?"

७ डिसेंबर, रविवार

एकोणऐंशी.

त्रेसष्टच्या जागी एकोणऐंशी! सोळा जास्त. तिसऱ्या होललाच बाभळीत दोनदा. सातव्याला ओढ्यात. ओढा कोरडा आहे, पण चेंडू सापडला नाही. ब्राऊनवर तेवढं बरं जमलं. (माळावर हिरवळ कुठली, होलभोवती काळं तेल मिसळलेली वाळू गोल पसरलेली असते, तोच आमचा ब्राऊन. त्यावर पाऊल उमटलं की खेळून झाल्यावर दोरी बांधलेलं गोणपाट स्वतः ओढून पुसायचं. हा एक नियम मला मनापासून आवडतो. इथे डॉक्टरही गोणपाट ओढतो.)

इनामदार साहेबांनी कार्डावर आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "जानेवारीत या."

रजिस्टरात परत चौथा रकाना.

घरी आल्यावर विजयने आकडा न विचारता ताट वाढलं. ते जास्त लागलं.

८ डिसेंबर, सोमवार

काल रात्री भाषण लिहिलं. मैदानाचा नियम कसा अन्यायी, त्रेसष्टचा आकडा कुणी ठरवला, कुणासाठी ठरवला. चार पानं झाली. सकाळी वाचली. भाषण चांगलं आहे. पण खोटं आहे. कालच त्याच त्रेसष्टच्या आत एक पेन्शनर स्टेशनमास्तर पास झाले, गुडघ्याला पट्टा बांधून.

फाडलं.

१० डिसेंबर, बुधवार

आज जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नाही, आणि मी पुस्तकं कमी वाचलेली नाहीत.

मैदान राखणारे बिरूमामा वाघमोडे. सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आता ब्राऊन सारखे करतात, बाभळी छाटतात. मी चिडून मारत होते. ते लांबून बघत होते. मग आले आणि माझा ७ उलटा करून तळ बघायला लागले, घोड्याचा खूर बघावा तसा.

"हे बगा मॅडम. मुरमानं लिवलंय."

खरंच लिहिलं होतं. पंधरा दिवसांत तळावर ओरखडेच ओरखडे, पण सगळे टाचेकडे, म्हणजे माझ्या बाजूला. पुढचं टोक कोरं करकरीत.

"काठी लांब हाय तुमाला. म्हागचं टोक घासतंय, म्होरचं हवेत. चेंडू डावीकडं जाणारच की. बाबळी तिकडंच हाईत."

म्हटलं, मामा, दुकानात हीच लांबी सगळ्यांना देतात.

"दुकान कुटं मेंढरामागं चालतंय?" मग मला चपला घालून ताठ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत सुतळी धरली. "आमी काठी तोडताना हितनं माप घेतो. उंचीवरनं न्हाय. उंच माणसाचं हात लांब असलं तर काठी आखूडच लागती. तुमचं हात लांब, आन् तुमी ठेंगण्या. दोनी बाजूनं आखूड पायजे."

ठेंगण्या! पाच फूट एक इंच. आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती.

सुतळीला गाठ मारून दिली. खिशात आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

बिरूमामांनी पत्ता दिला: शहराच्या पूर्व भागात, लूमच्या खडखडाटात, गड्डम मास्तर. आयुष्य पॉवरलूम दुरुस्त करण्यात गेलं. त्यांचे मेहुणे सिकंदराबादला एका गोल्फ मैदानावर कामाला आहेत. तिथून जुने क्लब येतात, हे सरळ करतात, ग्रिप बदलतात, विकतात. मैदानावरची निम्मी माणसं छुपेपणाने यांच्याकडे येतात म्हणे.

माझी बॅग उघडून मास्तरांनी पात्यावर नखाने टकटक केलं.

"अक्का, हे कुणाचं?"

"माझं."

"तुमचं नाही हे. रोज दोनशे चेंडू मारणाऱ्याचं हाय. पातं बारीक. बरोबर मधोमध लागलं तर गोड, जरा इकडंतिकडं लागलं तर हाताला शॉक. तुम्हाला मागं खोलगट पायजे, कडेला वजन असलेलं. चुकलं तरी माफ करतंय ते."

"मला माफी नको."

मास्तर हसले नाहीत. "चेंडूला पायजे अक्का, तुम्हाला कुठं?"

आखूड करून द्या म्हटलं. नाही म्हणाले. पोलादी, त्यात कडक दांडी. कापली तर आणखी कडक होईल, तुमच्या वेगाला वाकणारच नाही. मग आतून एक जुनी पिशवी आणली. वापरलेले, हलक्या दांडीचे.

मी उठले. सांगितलं, आमच्या घरात उतरलेलं येत नाही. आवाज चढला असावा. बाजूचा लूमवाला थांबून बघायला लागला.

"मी फुकट देतोय का?" मास्तर म्हणाले. "मी काय तुमचा मालक हाय?"

रिक्षा मिळेना. चालत घरी.

१४ डिसेंबर, रविवार

मैदानावर गेले नाही. विजयला सगळं सांगितलं, आईच्या फ्रॉकसकट. त्याने तो फ्रॉक शंभर वेळा ऐकलाय. तो ऐकत राहिला, मग उठून माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी गेला. एकेक पुस्तक काढून पहिलं पान उघडत मोठ्याने वाचायला लागला.

"हे कुणा जोशींचं. हे एका कॉलेजच्या लायब्ररीचं, रद्द शिक्का. हे 'प्रिय सुमनला वाढदिवसानिमित्त'. सुमन कोण?"

"ठेव ते."

"हे कुणा फादरचं. हे पानं कुरतडलेलं. अर्ध्याहून जास्त कपाट फुटपाथवरचं आहे. वाचताना कधी उतरलेलं वाटलं?"

नाही वाटलं. एकदाही नाही. उलट दोन दोन तास उकिडवं बसून निवडलेली आहेत, भाव करून आणलेली आहेत. याच पुस्तकांवर मी सभा जिंकल्या.

म्हटलं, पुस्तक वेगळं.

"कसं?"

उत्तर सापडलं नाही. मला! उत्तर!

संध्याकाळी भांडी घासताना सापडलं, पण ते माझ्या बाजूचं नव्हतं. आईने फ्रॉक परत केला तो जुना होता म्हणून नव्हे. तो *दिलेला* होता म्हणून. तिला निवडायला मिळालं नव्हतं, नको म्हणायला मिळालं नव्हतं, भाव करायला मिळाला नव्हता. ती लाचारी परत केली तिने. आणि मी? मी पुण्यात भाव न करता, माप न घेता, विक्रेत्याचा एकमेव शहाणा प्रश्न धुडकावून दुसऱ्या कुणाच्या हातासाठी घडवलेली वस्तू खांद्यावर घेऊन आले. उतरलेलं ते आहे. कोरं करकरीत असूनही.

पंचेचाळीसहून जास्त वर्षं आईच्या वाक्याचा मी अर्धाच अर्थ लावला. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नाकारता येणार नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

मास्तरांकडे. माफी मागितली. लूमवाल्यासमोरच, आवाज त्याच्यासमोर चढला होता. मास्तरांच्या बायकोने चहा दिला आणि तेलुगूत काहीतरी म्हणून हसली. मास्तरांनी भाषांतर केलं, "ती म्हणती, भांडून परत आलेलं गिऱ्हाईक पक्कं असतंय."

मग तीन तास. युनियनच्या वाटाघाटींत एवढी मजा आली नाही कधी.

पहिला नियम मास्तरांचा: हातात धरून नव्हे, मारून निवडायचं. मागच्या अंगणात जुनी सतरंजी टांगलेली. प्रत्येक काठीने वीस. विसातले बारा सतरंजीच्या मध्यावर, तरच ठेवायची. नाहीतर ती कितीही सुंदर असो, बाजूला.

दुसरा: चौदा नकोत. "अक्का, तुमचा ५ न् ६ न् ७ सारखाच जातोय. मग तीन कशाला वागवायचे? माळावर ऊन काय कमी हाय?"

निवडलेले सात: ५ नंबरचं वुड (नाव लाकडाचं, डोकं धातूचं), एक हायब्रिड (वुड आणि लोखंडी काठीचा संकर), ७, ९, दोन वेज (जवळून उंच उडवायला), एक पटर (ब्राऊनवर सरपटत ढकलायला). ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा) नाही. तो हातातच बसेना, विसातले चारच लागले.

वाळूतून काढायच्या वेजचा तळ फुगीर होता. तिथे मी बोलले: हा आपल्या मुरमावर उसळेल, पातळ तळाचा द्या. मास्तरांनी भुवया उंचावल्या. बिरूमामांची शाळा!

एक अडचण आली. निवडलेल्यांतल्या चार काठ्यांच्या दांडीवर 'लेडीज' छापलेलं. मी बघत राहिले. मास्तर पॉलिशपेपर घेऊन आले, "घासून काढू?"

पुण्यातलं माझं पाच मिनिटांचं भाषण आठवलं. गुलाबी रंगाविरुद्ध मी बरोबर होते; अजूनही आहे. पण दांडी किती वाकते याचा हिशेब हात किती वेगाने फिरतो याच्याशी आहे. "राहू दे," म्हटलं. "ते माझ्या वेगाचं नाव आहे. माझं नाही."

सुतळीच्या गाठीवरून प्रत्येक दांडी अर्धा इंच कापली.

भाव: ते अकरा, मी सात. ते साडेदहा, मी सात. चहा दुसरा. साडेआठ हजारांत बॅगेसकट मिटलं. आणि पावती मागितली.

"पावती? जुन्या लोखंडाला?"

"हो. माझ्या पूर्ण नावाने."

लूमच्या सुट्या भागांच्या पावतीपुस्तकावर लिहून दिली. आईला दाखवायला हवी होती.

२१ डिसेंबर, रविवार

पन्नासातले एकतीस हवेत. हात झिणझिणत नाही. ७ ने मारलेला एक असा गेला, असा गेला की बिरूमामांनी बाभळीवरून कोयता खाली ठेवला.

"आता काठी तुमची झाली."

रेहानाबाईंनी माझा ७ मारून बघितला. दोनदा. तिसऱ्यांदा मागितला. "मेरे नापका बनता क्या, ताई?"

४ जानेवारी २०२६, रविवार

नऊ होल, स्वतःशी. अडुसष्ट.

मोजताना एक फटका विसरले होते, परत जाऊन मोजला. तो धरून अडुसष्ट. पाच कमी करायचे आहेत. कुठे? यादी केली: ब्राऊनच्या जवळ येऊन घाई. तिथे चार जातात. लांब मारण्याचं वेड. तिथे बाकीचे.

इनामदार साहेब माझी जुनी, म्हणजे नवी बॅग कुठे गेली विचारत होते. ते स्वतः उंच, वीस वर्षं खेळतात, त्यांना शोभतील. "विकणार असाल तर सांगा."

सांगितलं, २५ तारखेपर्यंत तुमच्याशी कसलाही व्यवहार नाही. चाचणी तुम्ही घेणार.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच चेहऱ्यावरची माशी हलली.

१५ जानेवारी, गुरुवार

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीमुळे अर्ध्या गावचे रस्ते बंद. वळसा घालून मैदानावर. एकटीच होते. दोन तास फक्त ब्राऊनजवळचे छोटे फटके. ९ ने, मग वेजने, परत ९ ने. गोणपाट ओढून ओढून खांदा भरून आला.

विजय म्हणतो, घरात चालताना पण मी अदृश्य काठी फिरवते. कोथिंबीर निवडताना सुद्धा.

२४ जानेवारी, शनिवार

एकच भीती. हरले तर उद्यापासून सगळे म्हणतील, बघा, जुन्या काठ्यांनी होत नाही. मी हरले तर हरू दे. माझ्या निमित्ताने चुकीचा धडा नको जायला. रेहानाबाईंनी परवा मास्तरांकडे सात सांगितलेत, पेन्शनमधून.

झोप यायला हवी.

२५ जानेवारी, रविवार

बासष्ट!

बासष्ट, बासष्ट, बासष्ट!

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच फुगवून सांगेन.

पहिले तीन होल एकवीस. चौथ्याला चेंडू बाभळीच्या बुंध्याशी. आधीची मी काट्यांतून हाणला असता. आज ९ ने आडवा, मागे, मोकळ्यावर काढला. एक फटका गेला, पण एकच. सहाव्याला लांबून मारलेला ब्राऊनवर थेट, तिथे पाच. सात होल झाले तेव्हा एकोणपन्नास. आठव्याला सात. छप्पन्न. म्हणजे नवव्याला सातात संपवायचं.

नवव्याच्या वाटेतही तोच ओढा. सगळे तिथे मोठी काठी काढतात, पलीकडे उडवायला. इनामदार साहेब कार्ड घेऊन उभे. रेहानाबाई तोंडावर पदर. डॉ. पाटीलही आले होते, म्हणाले, "बनसोडे मॅडम, उडवा!"

७ काढला. मुद्दाम ओढ्याच्या अलीकडे. मग परत ७, ओढ्यावरून, उंच, सरळ. मागे कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. वेजने ब्राऊनच्या कडेला. पटरने लांबून एक, जरा अपुरा. दुसरा थांबला, होलच्या ओठावर. तिसरा आत. सहा.

छप्पन्न आणि सहा.

पळत जाऊन कुणाला मिठी मारावी कळेना. आधी गोणपाट ओढलं. पावलं पुसली. मग रेहानाबाईंना.

"मैं बोली थी ना!" त्या रडत होत्या. काहीच बोलल्या नव्हत्या त्या कधी.

बिरूमामांनी ७ उलटा केला, तळ बघितला. ओरखडे मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे. "झ्याक," म्हणाले, आणि बाभळी छाटायला गेले.

इनामदार साहेबांनी आकडा लिहिला, रेघ मारली, मग टोपी काढली. "नाव पूर्ण सांगा. कार्डावर लिहायचंय."

सांगितलं. पहिलं माझं, मग आईचं, मग आडनाव. त्यांनी विचारलं नाही की मधे नवऱ्याचं का नाही. विजय शेजारीच उभा होता, त्याने मान हलवली, लिहा म्हणून.

२७ जानेवारी, मंगळवार

पुण्याचा संच इनामदार साहेबांनी घेतला. साठ हजार. बत्तीस हजार माझ्या शिकवणीची फी. महाग मास्तर होता तो संच, पण शिकवून गेला. साहेबांनी पहिलाच फटका असा मारला की पातं गायलं. त्याच पात्याने माझे दात हलत होते.

विजय : "म्हणजे साहेबांच्या खांद्यावर आता तुझं उतर..."

"बोलू नकोस."

१ फेब्रुवारी, रविवार

फळ्यावर नोटीस. 'खेळाचा दर्जा राखण्यासाठी पुढील चाचणीपासून उमेदवाराकडे चौदा क्लबांचा पूर्ण संच असणे आवश्यक करण्याचा प्रस्ताव. निर्णय : समिती बैठक, ८ फेब्रुवारी. संबंधितांनी हरकती शनिवारपर्यंत लेखी द्याव्यात.'

दोनदा वाचली. रेहानाबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांचे सात क्लब मास्तरांकडे तयार आहेत. मापाचे. ग्रिपसुद्धा त्यांच्या बारीक हाताची. "ताई, और सात कहाँसे लाऊँ?"

तडक इनामदार साहेबांकडे. समितीत पाच मतं, त्यातलं एक त्यांचं. प्रस्ताव त्यांचा नाही, कुणाचा ते सांगणार नाहीत. मी सुरू केलं. चांगलं चाललं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "तोंडी भाषण इतिवृत्तात येत नाही. कागद द्या. एक नको. जास्त द्या."

घरी येऊन खेळाचं नियमपुस्तक काढलं. चौदा ही वरची मर्यादा आहे. चौदापेक्षा जास्त क्लब नेता येत नाहीत. कमी किती, याला कुठेही खालची रेघ नाही. जगात कुठेच!

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाहुणे मंडळींनो, ही पानं आज मोबाईलवरच्या आपल्या गटावर टाकते आहे, खाडाखोडीसकट. माझी मूर्ख खरेदीही त्यात आहे. ती लपवली तर पुढचं कुणी कशाला मानेल?

पाच मतांचं काय होईल, मला माहीत नाही. एक आपल्याकडे झुकलेलं वाटतं. एक नक्की विरुद्ध. तीन गप्प आहेत. गप्प मतं मी आयुष्यभर मोजत आले. ती भाषणाने वळत नाहीत, ढिगाने वळतात. पुढच्या चाचणीला रेहानाबाई बसतील की नाही, ते या तिघांवर आहे. आणि ते तिघं तुमच्यावर.

कुणी म्हणेल, आपण तर पाहुणे, आपली हरकत कोण घेतो? नोटिशीत 'सभासदांनी' असं लिहिलेलं नाही. 'संबंधितांनी' आहे. ज्याला आपल्या ऐपतीची, आपल्या हाताची काठी घेऊन उद्या त्या चाचणीला उभं राहायचं आहे, त्याच्याइतका संबंधित दुसरा कोण?

लांबलचक लिहू नका. माझ्यासारखं तर मुळीच लिहू नका. या शनिवारी, सात तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत सेक्रेटरींच्या टेबलावर प्रत्येकाने एक कागद ठेवायचा. त्यावर एकच ओळ: 'सात क्लब पुरेसे आहेत, चौदाची अट घालू नये.' खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहा, आणि सही करा.